आलेला फोन आणि लावलेला फोन

बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघात दर मंगळवारी मोबाइल शिकवायला जाऊ लागले. वर्गात येणाऱ्या बहुतेकांच्या हातात मुलाने नाहीतर सुनेने घेऊन दिलेला पहिलाच स्मार्टफोन असतो. फोटो पाठवणं आणि व्हिडिओ कॉल लावणं दोन मंगळवारांत येतं. तिसऱ्या मंगळवारी कुणीतरी हळूच फोन पुढे करतं, "मॅडम, हा मेसेज खरा आहे का हो?" आणि तो अख्खा तास त्यातच जातो. तोच तास इथे लिहून काढते आहे.

त्या दिवशी मी फळ्यावर दोनच शब्द लिहिते: 'आलेला' आणि 'लावलेला'. तुमच्याकडे आलेला फोन नक्की कुणाचा, हे तुम्हाला फोनवरून कधीच खात्रीने कळत नाही. स्क्रीनवर दिसणारं नाव, फोटो, कधीकधी नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो. पण पासबुकावरचा नंबर बघून तुम्ही स्वतः लावलेला फोन बँकेतच लागतो. म्हणून आलेल्या फोनवर किंवा मेसेजवर पैशाचं कोणतंही काम करायचं नाही. ठेवून द्यायचा, आणि वाटलंच तर आपण लावायचा. खाली ज्या पायऱ्या सांगते आहे त्या सगळ्या ही एक सवय अंगी बाणवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: नंबर आधी लिहून ठेवा

हे काम आज संध्याकाळी करा, फोन येण्याची वाट बघू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, ठळक अक्षरात लिहा: आपल्या बँकेचा नंबर (डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो), शाखेचा नंबर, विजेच्या तक्रारीसाठी १९१२, पोलिसांसाठी ११२, आणि सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३०. हा शेवटचा आकडा नातवंडांनाही पाठ करून घ्यायला लावा.

नंबर गूगलवर शोधून लिहू नका. कस्टमर केअर म्हणून भामट्यांनी स्वतःचेच नंबर इंटरनेटवर पेरून ठेवलेले असतात. फोन आपणच लावलेला असतो, पण लागतो चोराकडे.

दुसरी पायरी: मजकुराआधी पाठवणाऱ्याचं नाव वाचा

आपण मेसेज उघडतो आणि लगेच मजकूर वाचतो. सवय उलटी करा. वर, पाठवणाऱ्याच्या जागी काय आहे ते आधी बघा.

बँक, महावितरण, सरकारी खातं यांचे एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाहीत. त्यांना दूरसंचार नियामकाकडच्या व्यवस्थेत नोंदवलेलं एक छोटं इंग्रजी नाव घ्यावं लागतं. त्याआधी दोन अक्षरं आणि एक आडवी रेघ असते. पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं मोबाइल सेवेच्या भागाचं. महावितरणच्या मेसेजमध्ये रेघेनंतर 'एमएसईडीसीएल' ही अक्षरं दिसतात. मे २०२५ पासून नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडलं जातं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकेचा 'तातडीचा' मेसेज म्हणून काही आलं आणि शेवटी पी असेल, तर ती निव्वळ जाहिरात आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दहा आकडी नंबरावरून आलेला 'बँकेचा' एसएमएस खोटा, हे ठामपणे म्हणता येतं. पण नोंदवलेल्या नावाने आला म्हणून तो खराच, असं म्हणता येत नाही, कारण अशा नावांचाही गैरवापर झालेला आहे. नाव चुकीचं असेल तर मेसेज तिथेच सोडा. नाव बरोबर वाटलं तर पुढची पायरी.

फोन कॉलचंही तसंच आहे. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीच्या कॉलसाठी आहेत, तर १६०० ने सुरू होणारी मालिका बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या कामाच्या कॉलसाठी राखून ठेवली आहे. तरी शाखेतली ओळखीची मुलं कधीकधी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतात. नोकरीत असताना मीही केले आहेत. त्यामुळे फोनच्या बाबतीत निव्वळ नंबर बघून निकाल देऊ नका, समोरचा काय मागतो आहे ते ऐका.

तिसरी पायरी: तो काय करायला सांगतो आहे?

विजेचा मेसेज घेऊ, कारण आमच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकाला तो कधी ना कधी आलेला आहे. "प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९:३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल. त्वरित वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा." खाली एक मोबाइल नंबर.

बघा, त्यात काय काय आहे. अंधाराची भीती आहे. वेळ रात्रीची आहे, म्हणजे कार्यालय बंद. आणि नंबर त्यानेच दिलेला आहे. बिल थकलंय की नाही हे तुम्हाला पक्कं आठवत नाही, आणि तुमच्या त्या शंकेवरच त्याचं सगळं चालतं.

खरी पद्धत अशी: विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी ग्राहकाला किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री' असं काही कायद्यात नाही. वर्गात हे सांगितलं की लोकांचा चेहरा सैल पडतो. शंका असेलच तर १९१२ लावा, किंवा सकाळी बिल घेऊन कार्यालयात जा.

पण समजा तुम्ही त्या 'अधिकाऱ्याला' फोन केलात. तो फार नम्रपणे बोलतो. म्हणतो, बिल भरलेलं दिसतंय, फक्त नोंद झाली नाही, १० रुपये भरा म्हणजे होईल. त्यासाठी एक अ‍ॅप घ्यायला लावतो. ते अ‍ॅप असतं दुसऱ्याचा फोन लांबून बघण्याचं. संगणक दुरुस्त करणारे लोक तीच अ‍ॅप रीतसर वापरतात, म्हणून ती प्ले स्टोअरवर सहज मिळतात. तुम्ही १० रुपये भरायला बसलात की कार्डाचा नंबर, पासवर्ड, ओटीपी, जे जे तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं. तुम्ही तोंडाने काहीच सांगितलेलं नसतं. म्हणून पुष्कळजण नंतर शपथेवर सांगतात, "मी ओटीपी कुणालाच दिला नाही हो," आणि ते खरंच बोलत असतात.

तर आलेल्या मेसेजने किंवा फोनने यातलं काहीही सांगितलं की तिथेच थांबायचं:

- ही लिंक उघडा, हे अ‍ॅप घ्या, ही फाइल उघडा
- ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे सांगा
- स्क्रीन शेअर करा
- चांदणी आणि हॅश असलेला एखादा कोड डायल करा
- फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका

डायल करायच्या कोडबद्दल दोन शब्द. अशा कोडने तुमचे कॉल दुसऱ्या नंबराकडे वळवता येतात. मग बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलही त्याच्याकडेच जातो. आपले कॉल वळवले आहेत का ते *#२१# लावून दिसतं, आणि ##००२# लावून सगळं वळवणं बंद करता येतं. हे दोन कोड कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुसरा कुठलाही कोड कुणाच्या सांगण्यावरून लावू नका.

फाइलचा धोका सध्या सगळ्यात मोठा वाटतो मला. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका व्हॉट्सॅपवर येऊ लागतात. त्यातच एखादी फाइल येते, नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ; एपीके म्हणजे अ‍ॅप. वाहतुकीचं ई-चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी, अशा नावांनीही एपीके फिरतात. एकदा ते फोनमध्ये बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर भामट्याकडे पोचतात. आणि ती फाइल कित्येकदा ओळखीच्याच माणसाकडून आलेली असते, कारण त्याचा फोन आधी ताब्यात गेलेला असतो. मामेभावाने पाठवली तरी आधी मामेभावाला फोन लावा, "कुणाचं लग्न रे?"

चुकून अशी फाइल उघडली गेली असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. फोन साफ करून घेणं त्यानंतर.

चौथी पायरी: पैसे घ्यायला पिन नाही

यूपीआयचा पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलंच बटण दाबावं लागत नाही. जुना सोफा विकायला काढलात आणि समोरचा म्हणाला, "मी सैन्यात आहे, बदली झालीय, आगाऊ पैसे पाठवतो, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा," तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. सैन्याचं नाव मुद्दाम घेतात. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी कुणीतरी फौजेत असतं, आणि त्या नावाला आपण शंका घेत नाही.

दुसरा प्रकार: "काका, चुकून तुमच्या खात्यात ५,००० ऐवजी ५०,००० गेले, आई दवाखान्यात आहे, वरचे परत पाठवा." सोबत रक्कम जमा झाल्याचा एसएमएस. तो एसएमएस त्यानेच पाठवलेला असतो. मेसेजवर विसंबू नका, खात्यातली शिल्लक स्वतः बघा. खरोखरच कुणाचे पैसे चुकून आले असतील तर शाखेत जाऊन सांगा, बँक ते रीतसर परत करते. आपण हाताने पाठवायचे नाहीत.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना 'हयातीचा दाखला' अपडेट करण्यासाठी फोन येतात. समोरचा तुमचं पूर्ण नाव, निवृत्तीची तारीख, पेन्शनचा नंबर सगळं बरोबर सांगतो. माहिती बरोबर आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही. आपली माहिती कुठून कुठे गेलेली असते याला हिशेब नाही. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी करून देतो म्हणणाऱ्या लिंकबद्दलही हेच. आलेली लिंक सोडा, अंगणवाडी ताईंना किंवा सेतू केंद्रात विचारा.

पाचवी पायरी: गणवेशातला माणूस

मी नोकरीत असतानाची गोष्ट. आमचे जुने खातेदार, निवृत्त शिक्षक, मुदत ठेव मोडायला आले. एरवी दहा मिनिटं गप्पा मारणारा माणूस. त्या दिवशी नजर वर करीना. शर्टाच्या खिशात फोन होता आणि त्याची स्क्रीन चालू होती. मी स्लिपच्या मागे लिहिलं, "फोनवर कोण आहे?" त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, "सीबीआय."

त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, असं सकाळी सांगण्यात आलं होतं. मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला अधिकारी, मागे अशोकस्तंभ, त्यांच्या आधार नंबरसह छापलेलं अटक वॉरंट. "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. तपासापुरते पैसे आमच्या खात्यात ठेवा, दोन दिवसांत परत." ३५ वर्षं वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस भीतीने हातपाय गळून माझ्यासमोर उभा होता. त्यांच्या हुशारीचा यात काही संबंध नव्हता. माणूस असा एकटा पाडला गेला की असंच होतं. मी हात पुढे करून फोन मागितला आणि बंद केला. पैसे वाचले, पण ते पुढे कितीतरी दिवस दाराची कडी वाजली की दचकायचे.

याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये स्पष्ट सांगितलं की असली अटक कायद्यात नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॅपवर पाठवून चालणार नाही. म्हणजे जी साधी नोटीस खरा पोलीस व्हॉट्सॅपवर देऊ शकत नाही, तिथे हा माणूस अटक करतो आहे. आणि तपासासाठी पैसे ठेवून घेणारं खातं कुठल्याच पोलिसांकडे नसतं.

असा फोन आला तर एकच वाक्य: "मी पोलीस ठाण्यात येते, तिथे बोलू." आणि ठेवा. मग शेजारच्या घरी जा. खरंच, आधी उठून शेजारी जा, कुणाशी तरी बोला. एकटं न राहणं हाच यावरचा उपाय आहे.

सहावी पायरी: पैसे गेलेच तर

पहिला तास सगळ्यात मोलाचा. तुमचे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात जातात आणि कुठेतरी एटीएममधून निघतात. ही मधली खाती बऱ्याचदा चार पैशांसाठी खातं वापरायला दिलेल्या कॉलेजच्या मुलांची असतात. (घरात तसा मुलगा असेल तर त्याला हे सांगा; खातं भाड्याने दिलं तर पोलीस त्याच्याच दारात येतात.) रक्कम कुठल्या तरी खात्यात असेपर्यंत अडवता येते.

१९३० लावा. ते विचारतील: तुमची बँक, खातं किंवा यूपीआय आयडी, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा क्रमांक. हा क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये असतो, समोर काढून बसा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने कॅलेंडरवरचा बँकेचा नंबर लावून कार्ड आणि खातं बंद करायला सांगावं. लाइन व्यस्त असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार थेट भरता येते. तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपा. मेसेज, कॉलची नोंद, स्क्रीनशॉट काहीही पुसू नका. शरमेने पुष्कळजण हेच आधी पुसतात.

बँकेला तारीख-वेळ टाकून लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. तुम्हीच ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी लवकर सांगण्यात फायदाच आहे.

फोन आला, पण पैसे गेले नाहीत, अशा वेळी १९३० अडवून ठेवू नका. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवता येतो. त्याच ठिकाणी आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. ओळखीचं नसलेलं सिम आढळलं तर तिथूनच 'हे माझं नाही' असं सांगता येतं. सहा महिन्यांतून एकदा बघत जा.

मुलांना आणि सुनांना इथे एक विनंती करते. आई-बाबांचे पैसे गेल्याचं कळल्यावर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य "तुम्हाला सांगितलं होतं ना!" हे निघालं, तर पुढच्या वेळी ते तुम्हाला आठ दिवस सांगणार नाहीत. माझ्या काउंटरवर असे आठ-आठ दिवसांनी आलेले लोक मी पाहिले आहेत. तोवर अडवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आणि पैसे गेल्यानंतर महिनाभराने एक फोन येतो: "सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, प्रक्रिया शुल्क भरा." हा दुसरा चोर, बऱ्याचदा पहिल्याचाच भाऊबंद. सापडलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस फोनवरून शुल्क मागत नाहीत. आपल्या तक्रारीचा नंबर घेऊन ठाण्यात जाऊन विचारा.

शेवटची पायरी: सराव

हे सगळं समजलं तरी ऐन वेळी फोन ठेवता येत नाही, असं माझ्या लक्षात आलं. आमच्या पिढीला समोरचा बोलत असताना मध्येच फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं. भामट्यांना आपली ही सभ्यता चांगली ठाऊक आहे. म्हणून मी वर्गात सराव घेते. मी शेजारच्या खोलीत जाते आणि एकेकाला फोन लावते, कधी बँकेची अधिकारी होऊन, कधी इन्स्पेक्टर होऊन. त्यांनी "मी नंतर लावते" एवढंच म्हणायचं आणि ठेवायचा. पहिल्यांदा जवळपास सगळेच माझं पूर्ण ऐकून घेतात, एका काकांनी तर "मॅडम, तुम्ही जेवलात का?" असं विचारलं. दुसऱ्या मंगळवारी निम्मे जण ठेवतात.

घरीही करून बघा. नातवाला आतल्या खोलीतून फोन लावायला सांगा, काय बोलायचं ते त्यालाच ठरवू दे. आमच्या वर्गातल्या ७८ वर्षांच्या आजी आता "नमस्कार, मी बँकेतून" इतकं ऐकतात, "नंतर लावते" म्हणतात, फोन ठेवतात, आणि चष्मा शोधून कॅलेंडरवरचा नंबर काढतात.